सभेला गेलो म्हणून नोकरी गेली, आणि मग कळलं मी 'कामगार'च नाही (माझा अनुभव)

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, नाहीतर मागाहून राहून जाईल. लेबर ऑफिसात आवक टेबलवर अर्ज घेत नाही म्हणाले तर तिथे वाद घालत बसू नका. बाहेर पडा, तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मला हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर सात आठवडे वाचले असते. अजूनही त्या टेबलाची आठवण आली की डोकं तापतं.

कुठल्या पक्षाची सभा ते सांगणार नाही. सांगितलं की अर्धे म्हणणार बरी जिरली आणि अर्धे म्हणणार काय हा अन्याय, आणि पुढचं कोणीच वाचणार नाही.

तर २०२४ ची लोकसभा, एप्रिलमधला रविवार, माझी वीकली ऑफ. सभेला गेलो, गळ्यात उपरणं घातलं, फोटो काढला आणि संध्याकाळी फेसबुकवर टाकला, वर चार ओळी लिहिल्या. शिवी नाही, कुणाच्या जातीधर्माबद्दल काही नाही. अंगावर कंपनीचा टी-शर्ट नाही, आयकार्ड नाही. फक्त प्रोफाईलमध्ये कुठे कामाला आहे ते लिहिलेलं होतं, ते मीच कधीतरी जॉईन झालो तेव्हा हौसेने भरलेलं. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवला. मंगळवारी शो कॉज, पुढच्या आठवड्यात सस्पेन्शन, मग चार्जशीट. आरोप काय तर 'कंपनीच्या प्रतिमेस बाधा आणणारे वर्तन'.

आणि गंमत म्हणजे याच एचआरने मतदानाच्या दिवसासाठी सेल्फी स्पर्धा ठेवली होती. बोटावरची शाई दाखवा, बक्षीस मिळवा. सुट्टी पण भरपगारी, ती काही यांची मेहेरबानी नव्हती म्हणा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे द्यावीच लागते. म्हणजे मत द्या, पण मत आहे हे कोणाला दिसू देऊ नका.

डोमेस्टिक एन्क्वायरीबद्दल, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीबद्दल, फार लिहीत नाही, तीन तारखांत उरकली. एन्क्वायरी ऑफिसर बाहेरचे वकील, पण फी कंपनीची. साक्षीदार एकच, एचआरमधले एक सर, त्यांना विचारलं स्क्रीनशॉट कोणी दिला तर म्हणाले 'प्राप्त झाला'. बस. माझ्या बाजूने बसायला सहकारी हवा होता तर जो तो म्हणे दादा तुझं बरोबर आहे पण मला यात नको घेऊस. त्यांनाही नावं ठेवत नाही, घर सगळ्यांनाच चालवायचंय. एक मात्र नीट करा, एन्क्वायरीच्या प्रत्येक पानावर सही करायच्या आधी वाचा, आणि जे बोललात ते लिहिलेलं नसेल तर सहीच्या वर 'माझे म्हणणे पूर्ण नोंदवलेले नाही' असं हाताने लिहून मग सही करा. हे एक वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डिसमिसलचं पत्र आलं.

सस्पेन्शनमध्ये निर्वाह भत्ता मिळतो हे मला माहीतच नव्हतं. पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, त्यानंतर उशीर आपल्यामुळे होत नसेल तर ७५ टक्के. पहिला महिना मी मागितलाच नाही, कंपनीने दिलाच नाही. मागा, लेखी मागा.

इथे एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कंपनीत डिस्पॅचमधल्या एकाला असंच काढलं होतं. त्याची पोस्ट माझ्या विरुद्ध बाजूची होती. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी अंगठा टाकला होता. आता माझी वेळ आल्यावर पहिला फोन त्यालाच केला, दुसरं कोण सांगणार काय करायचं ते. तो म्हणाला, "तुझा अंगठा आठवतोय मला." मी गप्प. मग त्याने वकील मॅडमचा नंबर दिला आणि म्हणाला मी लढलो नाही रे, मला वाटलं आपलीच चूक असेल.

वकील मॅडमकडे मी घटना घेऊनच गेलो होतो. कलम १९, अभिव्यक्ती स्वातंत्र्य, सगळं पाठ करून. त्या म्हणाल्या ते मुख्यतः सरकारपासून वाचवतं, तुमची कंपनी प्रायव्हेट आहे, तिथून जायला लागलात तर वाट लांबची, ते बाजूला ठेवा आणि स्टँडिंग ऑर्डर आणा. मला वाटलं काय हे, एवढा मोठा तत्त्वाचा प्रश्न आणि या नियमांची पुस्तिका मागतायत. पण खरी चावी तिथेच होती. आपल्याकडच्या तेव्हाच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये गैरवर्तनाची यादी होती, त्यात शिस्तभंगाचं जे कलम होतं त्यात स्पष्ट म्हटलं होतं की आस्थापनेच्या आवारात केलेलं कृत्य. आवारात. रविवारी मैदानात नाही. आणि १९८३ चा सुप्रीम कोर्टाचा ग्लॅक्सो लॅबोरेटरीजचा निकाल आहे, मेरठच्या लेबर कोर्टातून वर गेलेला. त्यात कोर्टाने म्हटलं की आवारात किंवा आवाराच्या लगत असं लिहिलेलं असेल तर ते ताणून कामगार जाईल तिथे लावता येणार नाही, कामाबाहेरच्या आयुष्यावर मालकाची सत्ता चालत नाही. चाळीस वर्षं झाली त्याला! आणि आमच्या एचआरला कोणी सांगितलेलंच नाही.

(सरकारी नोकरीवाल्यांनी माझ्या जोरावर काही करू नका. तुमच्या वर्तणूक नियमांत पक्षात जायला आणि प्रचार करायला चक्क बंदी आहे. तरी २०२० मध्ये त्रिपुरा हायकोर्टाने म्हटलं होतं की सभेला हजर असणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे. पण तिथे हायकोर्टापर्यंत जावं लागलं हे लक्षात घ्या.)

आता ते टेबल.

डिसमिस झालेला एकटा कामगार तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ खाली लेबर ऑफिसात अर्ज करू शकत होता, युनियन लागत नव्हती. अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत तडजोड नाही झाली तर थेट लेबर कोर्टात जाता येत होतं. म्हणजे सगळं त्या ४५ दिवसांवर, आणि ते ४५ दिवस कधी सुरू होणार तर अर्जावर शिक्का पडला की. तो शिक्का पडायला मला सात आठवडे लागले.

पहिल्या दिवशी टेबलवरच्या भाऊसाहेबांनी अर्ज हातात घेतला, हुद्दा वाचला आणि परत दिला. "एक्झिक्युटिव्ह ना तुम्ही? मग कामगार नाही. इथे फक्त कामगारांचं घेतो." माझा हुद्दा सीनियर एक्झिक्युटिव्ह. काम काय, तर दिवसभर डिस्पॅचच्या एन्ट्र्या मारायच्या आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करायचे. माझ्या हाताखाली एक माणूस नाही, हाताखाली असलाच तर माऊस. कंपन्या पगार वाढवायच्या ऐवजी हुद्दा वाढवतात, आणि आपण तो लग्नपत्रिकेत छापतो, आणि शेवटी तोच आपल्या गळ्यात अडकतो.

दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले कामाचं स्वरूप लिहून आणा. लिहून नेलं. तिसऱ्यांदा म्हणाले हे तुम्ही लिहिलंय, कंपनीचं पत्र आणा. आता ज्या कंपनीने मला काढलंय ती मला पत्र देईल की मी साधं क्लार्कचं काम करायचो? तरी ईमेल केला, उत्तर अर्थातच नाही. चौथ्यांदा गेलो तर साहेब मीटिंगला. पाचव्यांदा टेबलवर दुसरेच भाऊसाहेब, त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं, "एक्झिक्युटिव्ह ना तुम्ही?" त्या दिवशी मी आवाज चढवला आणि त्याने काहीही झालं नाही, फक्त शिपाईदादांनी मला बाकावर नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. त्या ऑफिसात माझ्याशी माणसासारखं वागलेले ते पहिले.

यात भीती वेगळीच होती. महाराष्ट्रात दुसरा एक रस्ता आहे, १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा, ज्याला सगळे पल्प म्हणतात. त्यात सूड म्हणून किंवा खोट्या कारणाने काढलं तर थेट लेबर कोर्टात तक्रार करता येते, पण ९० दिवसांच्या आत. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट माफ करतं म्हणे, पण त्या भरवशावर कोण राहणार. आणि पल्पमध्ये गेलात की त्याच गोष्टीसाठी दुसरीकडे जाता येत नाही. मॅडमचं मत होतं आधी तडजोडीचं बघू, कंपनीची एन्क्वायरी इतकी पोकळ आहे की त्यांचा वकीलच त्यांना समजावेल. पण अर्जच घेत नाहीत आणि ९० दिवस तर पळतायत. रात्री झोप नाही, कॅलेंडरवर रेघा मारत बसायचो.

त्या बाकावर बसून मोबाईलवर जगभरचं वाचून काढलं. अमेरिकेत जूली ब्रिस्कमन नावाच्या बाईंनी २०१७ मध्ये सायकल चालवताना ट्रम्पच्या ताफ्याला मधलं बोट दाखवलं, फोटो गाजला, नोकरी गेली, आणि २०१९ मध्ये त्याच बाई काउंटीच्या बोर्डावर निवडून आल्या. कॅलिफोर्नियात मालकाला कामगाराच्या राजकारणात नाक खुपसायला कायद्यानेच बंदी आहे. ब्रिटनमध्ये एका उजव्या पक्षाच्या बसड्रायव्हरला काढलं होतं, त्याचं प्रकरण युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये तो जिंकला. त्या पक्षाचं मला काही म्हणजे काहीच पटत नाही, वाचताना पहिल्यांदा मनात आलं की याला काढलं ते योग्यच. मग तो डिस्पॅचवाला आठवला. तिकडे रेकॉर्ड असं होतं की गडी काम नीट करत होता, प्रवाशांची तक्रार नव्हती. मग कशासाठी काढायचं?

म्हणजे सरसकट कधीच काढू नये असं पण मी म्हणत नाही. उद्या कोणी पोस्ट टाकली की अमक्या समाजाच्या लोकांना ठोकलं पाहिजे आणि सोमवारी तोच माणूस त्या समाजाच्या पोरांना शिकवायला उभा राहणार असेल तर ते कामाशी जोडलेलंच आहे. पण ते जोडलेलं आहे हे मालकाने दाखवावं ना. 'प्रतिमा' हा शब्द कुठेही चिकटतो. आमच्या एका डायरेक्टरचा स्टेजवर नेत्यासोबत हार घातलेला फोटो लॉबीत लावलाय, त्याने प्रतिमेला काही होत नाही.

बरं, अर्ज कसा गेला ते. मॅडमना पाचव्या फेरीचं सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या मला आधी का नाही सांगितलंत, मी समजत होते शिक्का झालाय. चूक माझीच, मला वाटायचं टेबलावरचं काम आपलं आपण करायचं, वकिलाला काय त्रास द्यायचा. त्यांनी अर्जाला एक पान जोडलं: हुद्दा काहीही असो, प्रत्यक्ष काम काय ते महत्त्वाचं. रजा कोण मंजूर करायचं? मी नाही. अप्रेझल कोण लिहायचं? मी नाही. कोणाला मेमो द्यायचा अधिकार? नाही. मागच्या वर्षभरातले माझे रजेचे ईमेल, एन्ट्र्यांचे प्रिंट जोडले. म्हणून सांगतो, नोकरी चालू असतानाच असले दोनचार कागद घरी ठेवा, नंतर ऑफिसचा ईमेल एका मिनिटात बंद होतो, माझे काही प्रिंट नशिबाने घरी होते. मग सगळं रजिस्टर पोस्टाने. चार दिवसांत पोच आली. आठवड्याने ऑफिसातून नोटीस आली, तारीख पडली. त्याच ऑफिसातून! कामगार आहे की नाही हे कोणी विचारलंच नाही.

ऑक्टोबरात तारीख पडली आणि १५ तारखेला विधानसभा जाहीर झाली. तडजोड बघणारे साहेब इलेक्शन ड्युटीवर. पुढची तारीख, तेव्हाही साहेब ट्रेनिंगला. एका निवडणुकीने नोकरी घालवली आणि दुसरीने तारीख. २० नोव्हेंबरला मत दिलं, फोटो काढला नाही.

तडजोडीचं पुढे फार नाही. साहेब आले तेव्हा त्यांनी कंपनीच्या वकिलाला एकच विचारलं, स्टँडिंग ऑर्डरचं कुठलं कलम? ते कागद चाळत राहिले. आधी कंपनीवाले म्हणाले राजीनामा द्या, हिशोब करून टाकू. माझं मन डळमळलं होतं खरं, घरचेही म्हणत होते घे आणि सुट. मी नाही म्हटलं, त्यात तत्त्व किती आणि त्या टेबलावरचा राग किती ते माहीत नाही. जानेवारीत त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खाली तडजोडीचा करार झाला. परत कामावर, नोकरी सलग धरायची, मागचा पगार अर्धा सोडला. अर्धा सोडला याची चुटपूट आहे. सही करायच्या आधी 'सेवेत सातत्य' हे शब्द आहेत का बघा, ग्रॅच्युइटी त्यावर असते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा औद्योगिक संबंध संहिता कायदा आलाय, सस्पेन्शनची चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची म्हणतात आणि सुपरवायझरला 'कामगार' धरायची पगाराची मर्यादा १०,००० ची १८,००० केलीय, त्यामुळे माझी कलमं तशीच्या तशी उचलू नका, वकिलाला विचारा.

करारावर सही करायला ऑफिसात गेलो तर पहिलेच भाऊसाहेब टेबलावर. माझी फाईल काढून दिली, वर नाव वाचलं आणि म्हणाले, "कामगाराने इथे सही करायची."

हजर झालो त्या संध्याकाळी प्रोफाईलमधून कंपनीचं नाव काढून टाकलं. फोटो आहे तिथेच आहे.