थुंकीच्या कल्चरवर विसंबू नका

केमोनंतर पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात, भारी अँटिबायोटिक चालू होऊन चार दिवस झाले, तरी ताप हटत नाही. अशा वेळी छातीचा साधा एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नये, पातळ कापांचा सीटी करून घ्यावा. फुप्फुसात गाठ आणि तिच्याभोवती धुरकट कडं दिसलं, तर ॲस्परजिलस या बुरशीचा संशय आधी घ्यायचा. बुरशी रक्तवाहिनीत घुसते, रक्त आजूबाजूला झिरपतं, तेच हे कडं. आठवड्याभरात ते बहुधा विरतं, त्यामुळे उशिरा केलेल्या सीटीत सापडेलच असं नाही.

थुंकीचं कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून बघायची चाचणी) पाठवा, पण त्यावर अडून बसू नका. बरेचदा ते निगेटिव्हच येतं. उलट २-३ मायक्रॉनचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासातून आत जातात, म्हणून सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णात पॉझिटिव्ह आलं तरी बुरशीचा आजार असेलच असं नाही. जास्त कामाची गॅलॅक्टोमॅनन चाचणी, ती या बुरशीच्या भिंतीतला एक घटक शोधते. रक्तात किंवा ब्रॉन्कोस्कोपीतून मिळालेल्या लॅव्हाजमध्ये (फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात) इंडेक्स १.० किंवा वर असला की पुरावा धरतात. पोसाकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध आधीपासून चालू असेल तर रक्तातली चाचणी फसवते, तिथे लॅव्हाजच हवं.

लॅव्हाज सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय सोडू नका. बारीक, पडदे असलेले, सुमारे ४५ अंशांत फाटे फुटलेले तंतू ॲस्परजिलसकडे बोट दाखवतात. रुंद, रिबिनीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे दिसले तर म्युकर ही दुसरी बुरशी समजा. त्यावर व्होरिकोनाझोल हे ॲस्परजिलसचं औषध चालत नाही, लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरलेलं) ॲम्फोटेरिसिन लागतं. आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध? दोघांवरही निरुपयोगी.

ॲस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल शिरेतून पहिल्या दिवशी १२ तासांच्या अंतराने दोनदा, वजनाच्या दर किलोला ६ मिलिग्रॅम. पुढे दर किलोला ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनी यावरचे ७०.८ टक्के रुग्ण जिवंत होते, साध्या ॲम्फोटेरिसिनवरचे ५७.९ टक्के. गोळीवर आल्यावर ती जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यायची.

खरी गोची व्होरिकोनाझोलच्या रक्तातल्या पातळीची आहे. तोच डोस एकाला कमी पडतो, दुसऱ्याला भास होतात, लिव्हर बिघडतं. यकृतातलं एन्झाइम प्रत्येकाचं वेगळ्या वेगाने चालतं. म्हणून साधारण पाचव्या दिवशी, पुढच्या डोसच्या ऐन आधी रक्त घेऊन पातळी मोजावी. १ ते ५.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ठीक. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेल तर पातळी जवळपास नाहीशी होते, ही जोडी देऊच नये. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) असेल तर त्याचा डोस एक तृतीयांशावर आणून त्याचीही पातळी बघत राहायची.

पहिल्या आठवड्यात सीटीवरची गाठ मोठी दिसली म्हणून औषध बदलायची घाई करू नका. औषध लागू पडत असतानाही ती वाढते, आणि पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या की तिच्यात हवेची कोर उमटते. ताप, ऑक्सिजन बघा. पुढचा सीटी दोनेक आठवड्यांनी. उपचार किमान ६ ते १२ आठवडे, आणि केमोची पुढची फेरी असेल तर बुरशीविरोधी औषधाच्या छायेतच.