हा सल्ला नेमका कोणासाठी?

व्यायामाचा कुठलाही सल्ला समोर आला की मी आधी विचारते, हा दिलाय कोणाला? त्याचं वय काय, त्याला साधायचं काय, आणि आज त्याला जमतं किती? नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या घरात सध्या तीन पिढ्या व्यायाम करतात आणि तिघांची गरज निराळी आहे, म्हणून हे विचारावंच लागतं.

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. मोबाईल त्याला छाती-दंड फुगवायचे व्हिडिओ दाखवतो, पण मैदानी चाचणीत दंड मोजत नाहीत. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यातला मोठा वाटा १६०० मीटरचा. त्यासाठी बरेचसे दिवस बोलता येईल इतकं सावकाश धावायचं आणि एक-दोन दिवस ४०० मीटरच्या जोरदार फेऱ्या मारायच्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. मे महिन्यात तो हिरमुसून म्हणाला, "मामी, टायमिंग वाढूनच राहिलं!" पारा ४५ च्या आसपास गेला की अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही वळतं आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. उन्हाची सवय व्हायलाच एक-दोन आठवडे जातात. थंड देशातल्या धावपटूचं वेळापत्रक रेशीमबागेच्या मैदानावर जसंच्या तसं लावणं मला धोक्याचं वाटतं.

माझी साखर काठावर आहे. मला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं पुरतं, शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. १०,००० पावलांच्या आकड्यामागे मी लागत नाही. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये आलेल्या, पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून पसरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पावलं नाहीतच, आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं आहेत. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही.

खरा विचार करावा लागला तो बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. ते सत्तरीत आहेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'रोज १०० बैठका' आलं आणि त्यांनी विचारलं, "सूनबाई, मी बी मारू का?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला करायचं काय आहे ते आधी सांगा." त्यांना कार्तिक पौर्णिमेला रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी जायचंय, कोणाचा हात न धरता. मग तयारीही पायऱ्यांचीच हवी. पासष्टीपुढच्यांना त्याच शिफारशीत आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद सांगितली आहे. म्हणून भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, आणि घरचा जिना. जिना उतरण्यावर मी जास्त भर देते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरतात, आणि उतरतानाच माणूस घाबरतो. बीपीची गोळी चालू असल्यामुळे हे सगळं डॉक्टरांना आधी दाखवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा दुखणं वाढलं तर फेऱ्या कमी करतो, मांडी नुसती भरून आली असेल तर तेवढ्याच ठेवतो. सध्या बाबा कठड्याला हात न लावता चढतात, उतरताना मात्र अजून धरतात. पुढचा महिना फक्त उतरण्यावर.