फळ नसताना

इंदूरच्या मराठी घरात 'जाम आण' म्हटलं की पेरू येतात. पुण्याहून आलेला पाहुणा पांढऱ्या-गुलाबी, पाणीदार जामाची वाट बघत बसतो. चारोळीच्या झाडाला इकडे अचार म्हणतात, लोणच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि मांडूची ती नावाजलेली इमली म्हणजे चिंच नव्हेच, गोरखचिंच! पाच-सात पानं पंजासारखी एका देठावर, खोड हत्तीच्या पायासारखं. चिंचेशी नातं काय ते आंबटपणाचं.

नावाचा असा घोळ, म्हणून झाड ओळखायला लोक फळ बघतात. तेही फसवतं. जूनमध्ये झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडला की लांबून खिरनीच वाटते, ती पिवळ्या, गोड रानफळांची. मान वर केली की उलगडा होतो. खिरनीचं पान एकेकटं, जाड, चिवट, आणि त्याच्या टोकाला टोकच नसतं, उलट बारीकशी खाच असते. कडुनिंबाच्या पानाची कड करवती. चाखूनच बघायचं असेल, तर खिरनीच्या चिकाने ओठ चिकटतात, निंबोळीने तोंड कडू होतं. बकाणनिंबाची पिवळी, गोल फळं मात्र चाखूसुद्धा नयेत, ती विषारी. थंडीत पानं गळून गेली तरी त्यांचे घोस झाडावर लटकलेले असतात आणि पोरांना बोरांसारखे दिसतात.

'चीक निघाला की विषारी' हा घरगुती नियम सोडून द्यावा. खिरनीला चीक आहे, करवंदाला आहे, पिवळ्या कण्हेरीलाही आहे. पहिली दोन खायची, तिसरी जीवघेणी. करवंदाची पानं समोरासमोर, जाडसर, आणि काटा बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेला. कण्हेरीचं पान लांब, अरुंद, काट्याचं नाव नाही.

शिवाय चीक बघायला डहाळी मोडायची सवय रानात महागात पडते, ती बिब्ब्यामुळे. चारोळी आणि बिब्बा एकाच कुळातले. चारोळीचं पान साधारण वीतभर, टोकाला बोथट. जुन्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. बिब्ब्याचं पान फूटभर किंवा त्याहून मोठं, खालून राखाडी. त्याचा रस हवेत काळा पडतो आणि अंगाला लागला की उततो, फोड येतात. भाषेतला बिब्बा घालणारा निदान फोड तरी आणत नाही! तेव्हा आधी नुसतं बघावं, मग खाली पडलेलं पान उचलावं, आणि बिब्बा नाही अशी खात्री झाल्यावरच चुरगळावं.

बोरीला एवढं काही लागत नाही. पान उलटलं की खाली पांढुरकी लव, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. काट्यांची जोडी, त्यात एक सरळ आणि दुसरा गळासारखा वाकडा. सदरा फाडतो तो दुसरा.

कवठ आणि बेल यांत फळं कच्ची असताना गोंधळ होतो. बेलाची त्रिदळं कोण ओळखत नाही? कवठाला पाच-सात दळं, मधल्या दांड्याला बारीक पंख, आणि चुरगळली की बडीशेपेसारखा वास. फळ हाती आलं तर फूटभर उंचीवरून फरशीवर टाकावं. चेंडूसारखं उसळलं तर कच्चं आहे, उन्हात ठेवून द्यावं. धप्पकन जागीच बसलं तर गूळ किसायला घ्यावा.