सरांचा चिमटा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी विचारलं, "शाळेवर लिहू की सरांवर?" पलीकडचे नुसते हसले. आपल्या शाळेत 'सर' म्हटलं की कोणते, हे सांगावं लागत नाही. मैदान, स्नेहसंमेलन, स्काउटचे कॅम्प यांवर बाकीचे लिहितीलच. मी चिमट्यावर लिहितो.

नववीत सरांच्या विज्ञानाच्या तासाला विजेचा धडा निघाला आणि कपाटातल्या सगळ्या कळा, म्हणजे स्विच, गंजलेल्या निघाल्या. सर म्हणाले, "उद्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणा. लाकडी. आणि आईला विचारून आणा, नाहीतर माझ्या नावानं बोंब होईल." चिमट्याच्या दोन्ही जबड्यांत समोरासमोर एकेक ड्रॉइंग पिन. पिन दाबायच्या आधी तिच्या दांडीला वायरीचं सोललेलं टोक गुंडाळायचं आणि डोक्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढायचा. रंग राहिला तर करंट जात नाही. मग दोन सेल आणि एक बझर. जबड्यात पुठ्ठ्याचा तुकडा असेपर्यंत सगळं गप्प, तुकडा ओढला की किर्रर्र. "बटण म्हणजे काय रे? दोन धातू भेटले की चालू, दुरावले की बंद. वरचा डबा काढून टाका, आत एवढंच असतं." दोन सेलच्या पुढे जायचं नाही, भिंतीतल्या २३० व्होल्टला हात लावला तर वर्गाबाहेर, हा त्यांचा एकच कायदा. एरवी हातावर छडी पडली असं कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता पुठ्ठा ओढायला माणूस नको. कोण ओढेल?" मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नळ!" वर्ग हसला, सर हसले नाहीत. सोलापूरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे म्हणा. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्याकडे नळाला पाणी रोज नाही, आणि आलं तरी रात्री कधी येईल त्याचा नेम नाही. आमच्या गल्लीत बायका नळाखाली रिकामी घागर लावून, कान तिकडे ठेवून झोपायच्या. पण कारखान्यांच्या खडखडाटात घागरीचा आवाज कुठला ऐकू येतोय!

मग पुठ्ठ्याच्या जागी पाण्यात विरघळणारं काहीतरी शोधायचं ठरलं. बत्तासा लावला तर चिमट्याच्या स्प्रिंगनं त्याचा तिथल्या तिथे भुगा, आणि बझर सुरू. खडीसाखरेचा खडा दणकट, पण तो विरघळेपर्यंत बादली भरून वाहायला लागली. पाडवा नुकताच झालेला. मी गुढीच्या गाठीतलं एक पदक फोडून नेलं. ते दाबाला टिकलं आणि पाण्यात पटकन विरघळलं! सरांनी ते पदक बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिलं. "बारीक छिद्रं आहेत बघ, पाणी आत शिरतं. पण फार पोकळ नाही, म्हणून चिरडत नाही." मग मुंग्या लागू नयेत म्हणून चिमटा टांगायच्या दोरीला हळद चोळायला सांगितली.

त्या रात्री बझर वाजला तशी आई उठली, शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजी "नीळ्ळोच्चिनय!" (पाणी आलं!) म्हणून ओरडल्या आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन बाहेर आली. नंतर कितीतरी घरांनी माझ्याकडून चिमटे करून घेतले. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पैसे घेतले नाहीस ना? मग ठीक."

आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं यंत्रमागांचे कंट्रोल पॅनल बनवण्याचं आणि दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. ऑटोमॅटिक माग पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा मला सरच दिसले. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पत्ती लोंबत असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते, खालच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. इथे त्या साखरेच्या गाठीचं काम धागा करतो, एवढाच फरक. आमच्या वडिलांच्या साध्या मागाला बाण्याचा, म्हणजे आडवा, तुटका धागा ओळखणारा काटा होता. ताण्याचा तुटला तर तो नजरेनंच हेरावा लागे, आणि बारा तासांच्या पाळीत नजर किती टिकणार? आता त्या पत्त्यांमध्ये कापसाचा फुफाटा अडकला की कारखानदार मला फोन करतात. मी पोरांना सांगतो, आधी पट्ट्या घासा, मग पॅनल उघडा. निम्म्या वेळा पॅनल उघडावंच लागत नाही.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम झाली आहे, ते चांगलंच आहे. विज्ञानाचे तयार किट आले आहेत, पण डब्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. हरवतं, मोडतं, म्हणून कुलपात. सरांच्या कपाटाला कुलूप असल्याचं मला तरी आठवत नाही, आणि तिथलं मोडलेलं सामान आम्हीच नीट करायचो.

नववीच्या सगळ्या तुकड्यांना पुरतील एवढ्या सेल, वायर, पिना आणि बझर दरवर्षी माझ्याकडून येतील, असं पत्र मुख्याध्यापकांकडे दिलं आहे. चिमटा मात्र पोरांनी घरून आणायचा, आणि आईला विचारूनच.