माझ्या तिकिटाची वर्गणी

अमळनेर, आखाजीची रात्र

गणपतीसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, सप्ताहातल्या पंगतीसाठी मी लहानपणापासून पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरत आले आहे आणि त्यात मला कधी संकोच वाटला नाही. मी परिचारिका आहे आणि आफ्रिकेत मोफत उपचार करणाऱ्या एका रुग्णालय-जहाजावर स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. त्यासाठी होळीपासून मात्र मी जी मदत मागते आहे ती माझ्याच विमानाच्या तिकिटाची, माझ्याच विम्याची आणि माझ्याच दोन वेळच्या जेवणाची आहे, आणि हे समोरच्याकडे पाहून बोलणे मला अजूनही जड जाते. आज आखाजीमुळे, म्हणजे अक्षय्य तृतीयेमुळे, आत्या, चुलत बहिणी, धुळ्याचे काका असे सगळेच घरी होते. पितरांच्या घागरीची पूजा आटोपून पुरणपोळी आणि आमरसाच्या पंगती उठल्यावर विषय निघालाच, आणि दुपारभर चालला.

सर्वांना पुन्हा एकदा सांगितले ते असे. ‘मर्सी शिप्स’ ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. ती जहाजांवर रुग्णालये चालवते आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांच्या बंदरांत महिनोन्‌महिने थांबून मोफत शस्त्रक्रिया करते. ‘ग्लोबल मर्सी’ हे तिचे मोठे जहाज खास रुग्णालय म्हणूनच बांधलेले आहे. त्यावर ६ शस्त्रक्रियागृहे आहेत. २०२२ मध्ये ते सेनेगलच्या डाकार बंदरात पोहोचले आणि २०२३ मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला गेले. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, गलगंड, जबड्यावर वाढत गेलेल्या गाठी, भाजल्यामुळे आखडलेले हातपाय, अंतर्गळ, बाळंतपणातल्या इजा अशा, आपल्याकडे सहसा इतक्या थराला जाऊ न दिल्या जाणाऱ्या दुखण्यांवर तेथे उपचार होतात. शल्यचिकित्सकांपासून स्वयंपाक्यांपर्यंत बहुतेक सारे स्वयंसेवक असतात, त्यांना पगार नसतो, आणि जहाजावर राहण्याजेवण्याचे शुल्क त्यांनी स्वतःच भरायचे असते.

येथे आत्याने मला थांबवले. ‘पगार ते नहीच, वरथून पैसा भी भरना पडतस?’ असे तिने विचारले आणि सगळे हसले. मीही हसले, कारण भरती प्रक्रियेची कागदपत्रे पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न आला होता. त्याचे उत्तर मात्र सरळ आहे. देणगीदाराने एखाद्या मुलाच्या ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेले पैसे माझ्या जेवणावर खर्च होऊ नयेत, म्हणून माझा खर्च मी वेगळा उभा करायचा. तो सगळा माझ्या पगारातून निघाला असता तर मी कोणाकडे गेलेच नसते. खाजगी दवाखान्यातल्या परिचारिकेचा पगार या तालुक्यात किती असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायची गरज नाही, आणि तेथे असेपर्यंतची माझी रजा बिनपगारी आहे.

आत्याने गंमत केली, काकांनी मात्र हरकत घेतली, आणि ती मला हसण्यावारी नेता आली नाही. काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे म्हणणे असे की धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ आपल्या उंबरठ्यावर असताना आफ्रिका कशाला, आणि जहाजाचेच एवढे आकर्षण असेल तर सरदार सरोवराच्या फुगवट्याने रस्ते तुटलेल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालतो, तेथे जावे. काकांचा प्रश्न योग्य आहे. मी स्वतः त्या जिल्ह्यात कंत्राटी परिचारिका म्हणून काम केलेले आहे आणि बांबूच्या झोळीतून दवाखान्यापर्यंत आणलेल्या बाळंतिणी पाहिलेल्या आहेत. पण तेथल्या कामासाठी मला वर्गणी मागावी लागली नव्हती. तेथे पदे मंजूर आहेत, वेतन शासनाच्या तिजोरीतून येते, आणि ती पदे रिकामी राहतात त्याची कारणे माझ्या तिकिटाच्या खर्चात दडलेली नाहीत. शिवाय जबड्याची गाठ घेऊन आलेल्या धडगावच्या माणसाला, कितीही हाल झाले तरी, धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येते आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून त्याचा खर्च भागू शकतो. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोकांसाठी ही वरची पायरीच नाही. त्या देशाने १९९१ ते २००२ असे यादवी युद्ध सोसले, आणि २०१४ नंतरच्या इबोलाच्या साथीत तेथे जवळपास ४,००० माणसे गेली, त्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकाही होत्या. हे ऐकल्यावर काका गप्प झाले, पण त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, आणि त्यांनी अद्याप पैसेही दिलेले नाहीत.

संस्था ख्रिस्ती श्रद्धेतून उभी राहिलेली आहे, हेही मी कोणापासून लपवलेले नाही. दोन घरांत त्यावरून चौकशी झाली. उपचार करताना रुग्णाचा धर्म पाहिला जात नाही, हे मी सांगितले. एका घराला ते पटले, दुसऱ्याने चहा देऊन निरोप दिला.

अमळनेरमध्ये पैसे मागताना एक गंमत आहे. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, आणि त्या काळात घेतलेले समभाग कपाटात तसेच राहू दिल्यामुळे काही घरे पुढे लक्षाधीश, काही कोट्यधीश झाली. त्यामुळे बाहेरगावच्या मैत्रिणींना वाटते की मी एका दुपारी चार वाडे फिरले की काम संपेल. तसे होत नाही. हे गाव मोठ्या दानाला सरावलेले आहे, प्रताप शेठजींच्या दानावर येथली शाळा आणि महाविद्यालय उभे राहिले, पण दान म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते आणि इमारतीवर संगमरवरी पाटी. माझ्या तिकिटावर कोणाची पाटी लावता येत नाही.

पाटीच्या जवळ जाणारा एक प्रस्ताव मात्र आला होता. पालिकेची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांनी माझा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली, चौकात माझा आणि त्यांचा फोटो असलेला फलक लागावा आणि परत आल्यावर मी त्यांच्या सभेत बोलावे, एवढीच अट होती. बाबांच्या मते मी ते पैसे घ्यायला हवे होते, कारण फलक दोन पावसांत फाटून जातो. मी नकार दिला. एका माणसाने सगळे दिले तर जाणेही त्याचे होते आणि येणेही. शंभर माणसांनी थोडेथोडे दिले तर त्यांपैकी कोणालाच मला सभेत उभे करता येत नाही, पण ‘सिस्टर, काय काम केलेत?’ असे विचारण्याचा अधिकार मात्र शंभर जणांना मिळतो, आणि तो मला मान्य आहे.

थोडे देणारी माणसे देतात कशी, हे पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला ठरते, त्यामुळे शेतकरी घरांतून ‘आखाजी होऊ द्या’ असे उत्तर महिनाभर मिळत होते आणि आज त्यातल्या काहींनी शब्द पाळला. ज्यांचा कापूस भाव चढेल म्हणून अजून घरातच पडून आहे, ते ‘विकला की देतो’ म्हणतात, आणि त्या वायद्यावर तिकीट काढता येत नाही. शिक्षक मैत्रिणी दरमहा ठरावीक रक्कम पाठवतात. ही मदत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जहाजाचे शुल्कही महिन्याच्या हिशोबाने लागते. एका व्यापाऱ्याने आयकरात सवलत मिळवून देणारी ऐंशी-जीची पावती मागितली, तेव्हा त्यांना स्पष्ट सांगावे लागले की ती सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीच्या हातात दिलेल्या पैशांवर नाही. त्यांनी रक्कम निम्मी केली, पण दिली.

याच निमित्ताने करसल्लागाराकडून कळलेली एक गोष्ट मी दुपारी सर्वांना ऐकवली. नातेवाइकांनी दिलेल्या भेटीवर कर नसतो, परक्यांकडून मात्र आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते. आणि या कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी नातेवाईक आहेत, पण चुलतभाऊ आणि मामेभाऊ नाहीत. ज्या घरात चुलत आणि सख्खे असा भेद कधी बोलण्यातही आला नाही, तेथे हे ऐकून चुलतभाऊ खरोखर दुखावला. शेवटी त्याचे आणि मैत्रिणींचे पैसे मर्यादेत ठेवून उरलेला भार मामांवर आणि माझ्या बचतीवर टाकला आहे.

आईने मात्र सगळ्यांची नावे आहेराच्या वहीत लिहायला घेतली आहेत. त्या वहीत माझ्या बहिणीच्या लग्नापासूनचे आहेर आहेत आणि ज्याचे नाव त्यात आले त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढे परत करायचे, हा तिचा नेम आहे. बाबांनी आक्षेप घेतला की हा आहेर नव्हे, याची फेड नसते. आई म्हणाली, ‘घेतलं त्याचं नाव लिहायचंच, फेड कशी करायची ते तिनं ठरवावं.’ मी ठरवले आहे की जहाजावरून दर महिन्याला या वहीतल्या प्रत्येक घरी पत्र पाठवायचे. रुग्णांचे फोटो नाहीत, नावेही नाहीत, पण किती पाळ्या केल्या, काय शिकले, शुल्काचे पैसे कोठे गेले, हे सगळे त्यात असेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे आई जाऊन वाचून दाखवणार आहे, आणि तिला हे काम माझ्यापेक्षा चांगले जमेल.

गावच्या यात्रेतला सखाराम महाराजांचा रथ झाला की पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यायला मुंबईला जायचे आहे. तिचा दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो आणि परतताना भारतातही तो दाखवावा लागतो, म्हणून ते आधी उरकलेले बरे. विम्याचा हप्ता अजून जमलेला नाही. उद्या पारोळ्याच्या मामांना फोन करायचा आहे.