रेंटनचा लाल, मुंबईचा मोर

स्कॉटलंडमधल्या एका संग्रहालयात मी जुन्या कापडनमुन्यांच्या वह्या नोंदवते. म्हणायला वही, पण उचलायला दोघं लागतात. पानोपानी लाल सुती तुकडे चिकटवलेले, खाली क्रमांक, कडेला पेन्सिलीच्या खुणा. छाप्यातल्या पिवळ्या रंगात शिसं असतं, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय पान उलटायचं नाही.

हा माल रेंटन, बॉनहिल, अलेक्झांड्रिया या लेव्हन नदीकाठच्या गावांतला. लॉख लोमंड सरोवरातून येणारं पाणी नितळ आणि कमी क्षारांचं, म्हणून धुलाई-रंगाईवाले तिथे येऊन बसले. 'टर्की रेड' या पक्क्या लाल रंगाची रीत १७८५च्या सुमारास एका फ्रेंच रंगाऱ्याने ग्लासगोत आणली आणि तिथून ती या खोऱ्यात पसरली. रीत काय, छळच! कापड खवट ऑलिव्ह तेलात बुडवायचं, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या पाण्यात घालायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. मग तुरटी, मग मंजिष्ठाच्या जातीची मुळी, आणि त्या रंगाच्या कढईत चक्क बैलाचं रक्त. आठवडेच्या आठवडे जात. पण एकदा बसलेला रंग उन्हाला आणि साबणाला दाद देत नसे. १८६९मध्ये अलिझरिन, म्हणजे त्या मुळीतलं लाल रंगद्रव्य, कारखान्यात बनवण्याची युक्ती निघाली आणि मुळीची शेती बसली. आपल्याकडे आल या झाडाच्या लाल रंग देणाऱ्या मुळीवर पोट भरणाऱ्यांवरही तीच पाळी आली.

त्या दिवशी माझ्यासोबत एक स्वयंसेवक आजीबाई होत्या, रेंटनच्याच. त्यांची आजी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शाळा सुटल्या सुटल्या कारखान्यात लागलेली. गावात दुसरं काम होतं कुठे? हायलँड्समधून आणि आयर्लंडमधून माणसं यायची ती याच भोंग्यासाठी. पुरुष रंगाच्या खात्यात, मुली धुलाईत आणि घड्या घालायला. रेंटनची आणखी एक गंमत म्हणजे या एवढ्याशा गावाच्या फुटबॉल संघाने १८८८मध्ये स्कॉटिश कप जिंकला, मग इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविचला हरवलं आणि स्वतःला जगज्जेते जाहीर करून टाकलं. आजीबाईंना कापडापेक्षा यात जास्त रस होता, हे लपवण्याचा त्यांनी अजिबात प्रयत्न केला नाही.

मोरांचे छापे आले तसं मी त्यांना सांगितलं, हे सगळं आमच्याकडे जायचं. लाल जमीन, तिच्यावर पिवळे, निळे, हिरवे मोर. आमच्या बाजारात काय खपतं याचा माग या कंपन्या बारकाईने ठेवत. लाल जागी रंग उडवून त्यात दुसरा भरायचा, ही खरी कारागिरी. त्या म्हणाल्या, "आजी आयुष्यात ग्लासगोच्या पलीकडे गेली नाही. पण मुंबईचं नाव घरात रोज असायचं. तिकडून मागणी थांबली की इकडे कामाचे तास कमी."

दुपारी तिकिटांची वही काढली. गठ्ठ्यांवर चिकटवायची ही रंगीत चित्रं म्हणजे मालाची ओळख, कारण वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्र बघून माल मागायचं. एका तिकिटाची आधीची नोंद होती: 'गिटार वाजवणारी स्त्री, शेजारी पक्षी.' मी हसू दाबत म्हटलं, "ही सरस्वती. ती वीणा आहे आणि तो मोर तिचा."

आजीबाई चित्राकडे बघत राहिल्या. "असली चित्रं आमच्या आजीने चिकटवलीत. डिंकाने बोटं फुटायची म्हणे. कसली देवी ही?"

"विद्येची."

"अस्सं. आजीला तेरा वर्षांची असताना शाळेतून काढलं होतं."

यावर काय बोलणार? मग १९११च्या संपाचा विषय निघाला. खोऱ्यातल्या शेकडो बायका कामं टाकून बाहेर पडल्या, आजी त्यांत होती, आणि हे सांगताना बाईंचा आवाज फुटबॉलइतकाच चढला. मला विचाराल तर अशा गावांच्या 'साध्या, सुखी जगण्या'बद्दल जे गोड गोड लिहिलं जातं, त्यात हा डिंक आणि हा संप कुठेच नसतो.

नोंद मी दुरुस्त केली: देवीचं नाव, वाद्याचं नाव, आणि शेराच्या रकान्यात बाईंच्या संमतीने डिंकाची गोष्ट. पान उलटलं. पुढे गणपती. आधीची नोंद: 'हत्ती, सजवलेला, बसलेला.'