नव्या गाण्याबद्दल मत देताना

१० जुलै २०१५ पासून नवे संगीत प्रकाशित करण्यासाठी जगभर शुक्रवार हा एकच दिवस ठरला. त्याआधी नवे अल्बम ब्रिटनमध्ये सोमवारी, तर अमेरिकेत मंगळवारी येत असत. मराठी चित्रपटगीते मात्र चित्रपटाच्या तारखेकडे पाहून, त्याच्या आधी काही आठवडे, एकेक करून आणि बहुधा चित्रफितीसह येतात. त्यामुळे आपण नवे गाणे ऐकण्याआधी पाहतो, आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर ‘एक नंबर’ किंवा ‘काही खास नाही’ असा निकाल येऊन पडतो. तो वाचून गाण्याची चाल, शब्द, वाद्ये यांपैकी कशाविषयीही काही समजत नाही, आणि मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते.

नव्या गाण्याविषयीचे मत सकारण असावे आणि पुढे ते बदलण्याची मुभा आपण स्वतःकडे ठेवावी, असे मी मानतो. २०१६ मध्ये ‘सैराट’ची चार गाणी आली, तेव्हा बहुतेकांचे बोलणे ‘झिंगाट’वरच थांबत होते. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रण केले होते. ‘याड लागलं’ हेडफोन लावून, पडद्याकडे न पाहता ऐकले, की त्या वाद्यवृंदाचा विस्तार आणि त्याच्यासमोर अजय गोगावले यांचा गावरान, मोकळा आवाज यांतले अंतर लक्षात येते. माझ्या मते गाण्याची सगळी ताकद त्या अंतरातच आहे.

माझ्या एका मित्राला हे पटले नव्हते. करमाळ्याच्या परिसरात घडणाऱ्या गोष्टीत इतकी व्हायोलिने कशाला, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो वरवरचा नव्हता. माझे उत्तर असे होते, की त्या वयातल्या मुलाला आपले प्रेम एवढेच भव्य वाटते आणि वाद्यवृंद आपल्याला ते त्याच्या कानांनी ऐकवतो. २९ एप्रिलला चित्रपट आला आणि वादाला नवा मुद्दा मिळाला: चारही गाणी पूर्वार्धातच संपतात, हैदराबादमधल्या संसारात एकही गाणे नाही आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतलेला आहे. पूर्वार्धातली ती श्रीमंती कशासाठी होती, हे तेव्हा उलगडले. केवळ गाणी ऐकून हे कोणालाही सांगता आले नसते.

मत देताना श्रेय नीट नोंदवावे, हाही माझा आग्रह आहे. कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, कधी संगीत संयोजकही वाचायला मिळत. आज फोनच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक दिसते, गीतकाराचे शोधावे लागते आणि सतारीवर किंवा ढोलकीवर कोण होते हे तर क्वचितच कळते. शिवाय स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की एकदा ऐकल्याची नोंद होते. अशा हिशेबात, सावकाश उलगडणारा सुरुवातीचा वाद्यमेळ लिहिण्याचे धाडस संगीतकार किती काळ करतील, याची मला चिंता वाटते. म्हणून असा वाद्यमेळ भेटला, की त्याचा मुद्दाम उल्लेख करून मी गाणे पुढे पाठवतो.

चित्रपट पाहून आल्यावर मित्राने माझा मुद्दा मान्य केला, पण स्वतःचा सोडला नाही. गाणे आपल्याकडे चित्रपटाच्या आधी, एकटे आले होते, तेव्हा ते एकटे उभे राहिलेच पाहिजे, आणि त्या कसोटीवर श्रेया घोषाल यांचे ‘आताच बया का बावरलं’ हे त्याला चौघांत सरस वाटते, असे तो म्हणतो. त्यातले शब्द बोलीला किती जवळचे आहेत हे त्याने मला ओळ-ओळ थांबवून ऐकवले. तेव्हापासून मी ते गाणे अधिक लक्ष देऊन ऐकतो आहे, आणि ‘याड लागलं’विषयीचे माझे मतही कायम आहे.